भोपळ्याचे बी का बदलते?



उसाच्या पत्रिकेत भोपळ्याचे काय काम, असे काहींच्या मनात येईल. पण आमच्या शेतकी खात्याकडे येणारे सगळेच प्रश्न उसाचे नसतात. लागणीच्या नोंदी घ्यायला वस्तीवर गेले की टिपऱ्यांचे, खताचे बोलून होते आणि मग घरातून आवाज येतो, "साहेब, ह्या भोपळ्याचं काय झालंय ते जरा बघा की." विहिरीच्या कडेला, उकिरड्याजवळ, पाटाच्या बांधावर एक-दोन वेल नाहीत अशी वस्ती आपल्या कार्यक्षेत्रात क्वचितच. हौसेचे पीक आहे, त्यामुळे बी विकत आणण्याऐवजी घरचेच धरायचे, ही आपली जुनी रीत.

तक्रारी बहुतेक एकाच घरातल्या. गेल्या साली बघण्यासारखा गोड डांगर निघाला म्हणून त्याचे बी राखेत घालून ठेवले, आणि यंदा त्याच बियांच्या चार वेलांना चार तऱ्हेची फळे लागली. कोणी म्हणते बी बाटले. कोणी म्हणते शेजारी दुधी लावला, त्याने भोपळा पांचट झाला. कोणाला पानावरच्या पांढऱ्या डागांची धास्ती. कोणाच्या घरी फळ कडू निघाले. यातला कडूपणाचा प्रश्न जीवाशी येणारा आहे, म्हणून त्यावर पुढे सविस्तर लिहिले आहे. पण तो समजायला आधी बियाची गोष्ट समजली पाहिजे.

उसाची लागण आपण टिपरीने करतो. टिपरी हे खरे तर बी नव्हे, तो उसाचाच तुकडा. आपल्याकडे सर्वांच्या ओळखीची को ८६०३२ ही जात घ्या. तिची आई को ६२१९८ आणि बाप कोसी ६७१. कोइमतूर येथे १९१२ साली सुरू झालेल्या ऊस पैदास केंद्राची ही जात. संकरातून जी रोपे उगवली त्यातले एक रोप निवडले गेले, आणि आज तुमच्या-आमच्या शेतात उभा असलेला या जातीचा प्रत्येक ऊस हा त्या एकाच रोपाचा तुकड्या-तुकड्याने वाढत आलेला भाग आहे. बेण्यातून रोग येईल, मुकादमाच्या हलगर्जीपणाने दुसऱ्या जातीची भेसळही होईल, पण टिपरीतून जात सहसा आपोआप बदलत नाही.

भोपळ्याचे बी म्हणजे उसाच्या तुऱ्यातले बी समजा. तुऱ्याचे बी गोळा करून त्याची लागण करा, असे कोणी सांगितले तर आपण त्याला वेड्यात काढू. कारण त्यातून येणारे प्रत्येक रोप वेगळे. पैदासकार नेमके हेच करतात, पण ते हजारो रोपे तपासून एखादे ठेवतात. आपण भोपळ्याच्या बाबतीत दरसाल तेच करतो, मात्र चार बिया टोचतो आणि चारही आईवर जाव्यात अशी अपेक्षा धरतो.

भोपळ्याच्या वेलाला नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे. मादी फुलाच्या खाली सुपारीएवढे बाळफळ असते, नराचा नुसता लांब देठ. पहिली बरीचशी फुले नराचीच येतात, ती गळाली म्हणून काळजी करू नये. फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते. एवढ्या वेळात मधमाशी जे पराग घेऊन येईल तोच बियांचा बाप. मधमाशीला बांध माहीत नाही. त्यामुळे बियांची आई आपल्याला ठाऊक असते, बाप मात्र तुमच्या वेलाचा असेल, शेजारच्या मळ्यातला असेल, नाहीतर ओढ्यापलीकडचा. एकाच फळातल्या बियांचे बापही वेगवेगळे असू शकतात. म्हणून एका भोपळ्याच्या चार बिया ही चार सख्खी भावंडे असतीलच असे नाही.

आता दुधीचा आळ. परक्या परागाने या वर्षीचे फळ बदलत नाही. फळाची साल, गर, गोडी, आकार हा सगळा आईचा भाग आहे. बदल दडलेला असतो बियाच्या आतल्या अंकुरात आणि तो दिसतो ते बी पेरल्यावर, पुढच्या साली. यंदा भोपळा पांचट निघाला तर पाणी जास्त झाले असेल, फळ कोवळे काढले असेल, किंवा बी गेल्या सालीच वेगळ्या बापाचे असेल. दुसरे असे की दुधी आणि लाल भोपळा यांचा संकर होतच नाही. नावात दोघांच्या भोपळा असला तरी कुळे वेगळी. प्रत्येक पेशीत गुण वाहून नेणारे जे धागे असतात, ज्यांना गुणसूत्रे म्हणतात, ती भोपळ्यात ४० आणि दुधीत २२. काकडी, कारले, दोडका, कलिंगड यांचाही भोपळ्याशी असा संबंध येत नाही. तेव्हा शेजाऱ्याचा दुधी निर्दोष आहे, त्याच्याशी भांडू नये.

खुद्द भोपळ्यात मात्र तीन मुख्य जाती आहेत आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत. तिन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या; कोलंबसानंतर त्या जगभर पसरल्या आणि आपल्याकडे आल्या. आपला घारग्यांचा लाल भोपळा, म्हणजे डांगर किंवा काशीफळ, तो बहुतेक ठिकाणी कुकुर्बिटा मोस्चाटा या जातीचा. त्याचा देठ कठीण, पाच धारांचा आणि फळाला चिकटतो तिथे पसरट होतो. दुसरी मॅक्झिमा. तिचा देठ गोल, जाडा, बुचासारखा मऊ. तिसरी पेपो. चप्पन कद्दू, झुकिनी, पॅटी पॅन आणि अमेरिकेत सणाला कोरतात तो नारिंगी भोपळा, हे सगळे पेपोचे. देठ कठीण आणि धारदार, पण फळाजवळ पसरत नाही. पाने हाताला बोचतात. फळ कापून झाले तरी देठ बघून जात सांगता येते. एका जातीतले सगळे वाण आपसात सहज मिसळतात. एका जातीचा दुसरीशी संकर कठीण जातो, आणि मॅक्झिमा-मोस्चाटाचा जो मुद्दाम करतात त्याची नर फुले बहुधा वांझ असतात. म्हणजे अंगणात एक मोस्चाटा आणि एक पेपो लावला तर बियांची काळजी फारशी नाही. दोन तऱ्हेचे डांगर लावले तर आहे.

आता गुण कसे उतरतात ते पाहू. मेंडेल नावाच्या धर्मगुरूने वाटाण्यावर केलेले काम १८६६ साली छापले गेले. त्याचे सार इतकेच की प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईची, एक बापाची. दोन्ही सारख्या असल्या तर प्रश्नच नाही. वेगळ्या असल्या तर एक वरचढ ठरते आणि दुसरी गप्प बसते. गप्प बसते, पण नाहीशी होत नाही. पहिलीला प्रभावी म्हणतात, दुसरीला अप्रभावी. या चिठ्ठीलाच आज जनुक म्हणतात.

मोस्चाटातला सालीचा रंग घ्या. काही वाणांची साल फळ पिकल्यावरही हिरवी राहते, काहींची पिकल्यावर पिठूळ तांबूस होते. हिरवी राहणे हा गुण तांबूसवर प्रभावी आहे. शुद्ध हिरव्या वेलाचा शुद्ध तांबूस वेलाशी संकर झाला तर सगळी मुले हिरवी. दिसायला हिरवी, पण पोटात तांबूसची चिठ्ठी. या मुलांतल्या एका वेलाचे फूल त्याच वेलाच्या परागाने फळले तर नातवंडांत चारात सरासरी तीन हिरवी आणि एक तांबूस. आता आमच्या एका सभासदाचा अनुभव तपासून बघा. त्यांनी दोन साल हिरवाच भोपळा बघून बी धरले आणि तिसऱ्या साली तांबूस फळ लागले. ते म्हणत होते, दुकानदाराने फसवले. बी तर घरचे होते! तांबूसची चिठ्ठी दोन साल हिरव्या सालीखाली चालत आली आणि जोडीला दुसरी तांबूस चिठ्ठी मिळताच वर आली, एवढेच घडले.

यातून बी धरणाऱ्यासाठी एक उपयोगाची गोष्ट निघते, ती नीट ध्यानात घ्यावी. अप्रभावी गुण डोळ्याला दिसला म्हणजे तो पक्का झाला, कारण दोन्ही चिठ्ठ्या त्याच्याच असल्याशिवाय तो दिसत नाही. तांबूस फळाच्या वेलाला त्याच वेलाचे पराग दिले की सालीच्या या गुणात पुढची सगळी पिढी तांबूसच. हिरव्याचे तसे नाही. तो शुद्ध आहे की पोटात काही दडवून आहे हे नुसते बघून ब्रह्मदेवालाही कळणार नाही. त्याची मुले लावून बघावी लागतात. आपल्या लोकांचा उलटा समज आहे. जे जोरकस, जे सारखे दिसते ते शुद्ध, असे आपण धरतो.

सगळेच गुण इतके सरळ नसतात. आम्ही पदविकेला असताना भोपळ्याचा आकडा परीक्षेत हमखास येई, १२:३:१. पाठ केला होता सगळ्यांनी, कळला होता थोड्यांना. हे काम अमेरिकेत सिनॉट आणि डरहम यांनी पेपो जातीच्या भोपळ्यावर करून १९२२ साली प्रसिद्ध केले. फळाच्या रंगाचे दोन वेगळे जनुक. पहिल्याची प्रभावी चिठ्ठी फळ पांढरे करते. दुसऱ्याची प्रभावी चिठ्ठी पिवळे करते, ती नसली तर हिरवे. मेख अशी की पांढऱ्याची एक जरी चिठ्ठी हजर असली तरी दुसऱ्याचे काही चालत नाही. ऑफिसात मोठे साहेब हजर असले की खालच्याच्या सहीला किंमत नसते. ते रजेवर गेले की मग खालच्याची सही चालते, तसाच प्रकार. पांढऱ्या आणि हिरव्याचा संकर केला तर पहिली पिढी सगळी पांढरी. तिचे स्वपरागाने बी धरले तर १६ वेलांमागे सरासरी १२ पांढरे, ३ पिवळे आणि १ हिरवा. पिवळा आला कुठून? आजा-आजीत कोणीच पिवळे नव्हते! तो पांढऱ्या आजाच्या अंगात होता, पण मोठ्या साहेबांपुढे त्याला तोंड उघडता आले नव्हते.

आकाराचेही तसेच. सिनॉटने १९२७ साली दाखवले की थाळीसारखा चपटा, चेंडूसारखा गोल आणि लांबट हे तीन आकार दोन जनुकांच्या मेळातून होतात. दोन्हींची प्रभावी चिठ्ठी असली तर चपटा, एकाचीच असली तर गोल, एकाचीही नसली तर लांब. त्यामुळे दोन वेगळ्या ठिकाणचे गोल वाण मिसळले की मुले चपटी निघू शकतात, आणि नातवंडांत ९ चपटी, ६ गोल, १ लांब. गोल-गोलाच्या पोटी चपटा बघून माणूस बुचकळ्यात पडणारच.

हे आकडे सरासरीचे आहेत, हे विसरू नये. चार वेल लावून "शास्त्र खोटे" म्हणणारे आम्हाला भेटले आहेत. चारात एक येणारा गुण निदान एकदा तरी दिसावा अशी १०० तली ९५ वेळा खात्री हवी असेल तर ११ वेल लावावे लागतात. सोळात एक येणाऱ्या गुणासाठी ४७. हौसेच्या माणसाला ४७ वेलांची जागा कुठून मिळणार! म्हणून ज्याला जागा कमी त्याने एका वेळी एकच गुण धरावा, दोन-तीन गुणांच्या मागे एकदम लागू नये.

बाजारातल्या संकरित बियाचा उलगडाही इथेच होतो. पुडीवर एफ-१ किंवा संकरित लिहिलेले असते ती पहिली पिढी. सगळी सारखी, सगळी जोमदार. तिचे बी धरले की दुसऱ्या पिढीत चिठ्ठ्या पुन्हा वाटल्या जातात आणि गल्ला होतो. कंपनीने बी "मारून" ठेवलेले नसते, उगवण चांगलीच होते. फक्त वाण टिकत नाही.

पानावरच्या पांढऱ्या डागांबद्दल दोन शब्द. शिरा जिथे फुटतात त्या बेचक्यांत चंदेरी राखी ठिपके दिसतात, सगळ्या पानांवर साधारण एकाच ठेवणीचे, आणि पान निरोगी, पसरलेले असते. हा रोग नव्हे, जन्मखूण आहे. तिन्ही जातींत हा गुण आढळतो आणि तो प्रभावी आहे. भुरी असेल तर पांढरी पूड बोटाला लागते. केवडा असेल तर पिवळे डाग शिरांच्या चौकटीत अडकलेले दिसतात. विषाणूचा मोझॅक असेल तर पान आकसते, वेडेवाकडे होते. जन्मखुणेवर औषध मारून पैसे घालवू नयेत. उलट हा गुण कामाचा आहे. ठिपके नसलेल्या वेलाचे बी धरले आणि त्यातून ठिपक्यांचा वेल उगवला, तर बाहेरचा बाप आला हे फळ धरण्याच्या आधीच, चार पानांवर कळते.

फळमाशीने बेजार झालेल्यांनी हेही ऐकून ठेवावे. बेंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का सूर्यमुखी या मॅक्झिमा वाणात फळमाशीला दाद न देण्याचा गुण आढळला आणि तो एकाच प्रभावी जनुकाने उतरतो असे दिसून आले. एका जनुकाचा आणि प्रभावी, म्हणून संकरात वळवायला सोपा. मात्र हा वाण मॅक्झिमाचा आहे, आपल्या डांगरात तो गुण नुसत्या शेजारी लावण्याने येणार नाही.

बिनटरफलाच्या बियांची एक गंमत आहे. ऑस्ट्रियाच्या स्टिरिया प्रांतात पेपोचा एक वाण आहे, त्याच्या बियांवर कठीण टरफल नसते, नुसते पातळ आवरण. तिथे त्या बियांचे हिरवे-काळे तेल काढतात. टरफल नसणे हा अप्रभावी गुण. आता टरफल हा बियाचा भाग असला तरी तो बनतो आईच्या पेशींपासून. म्हणून अशा वेलावर टरफलवाल्या वाणाचे पराग पडले तरी त्या साली बिया बिनटरफलाच्याच निघतात. माणूस म्हणतो, माझे बी शुद्ध आहे. ते पेरून जे वेल येतात त्यांच्या फळांत मात्र सगळ्या बिया टरफलाच्या! फसगत एक पिढी उशिरा कळते. भोपळ्यात बहुतेक वेळा असेच होते.

आणि म्हणूनच कडूपणाकडे यायचे. रानटी भोपळे कडू असतात. त्यात कुकुर्बिटासिन नावाची द्रव्ये असतात, किडीपासून आणि जनावरांपासून बचावासाठी वेलाने बनवलेली. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोड वेलांचेच बी धरून हा गुण खाण्याच्या वाणांतून काढून टाकला. पण पेपोमध्ये कडूपणा हा प्रभावी गुण आहे. शोभेसाठी लावतात ते रंगीबेरंगी, गाठाळ, छोटे भोपळे पेपोचेच असतात आणि त्यांत कडूपणा शिल्लक असतो. अशा वेलाशेजारी झुकिनी किंवा चप्पन कद्दू असला, मधमाशीने आपले काम केले, आणि त्या फळाचे बी आपण धरले, तर पुढच्या साली कडू फळे लागू शकतात. दिसायला नेहमीसारखी, रंग तोच, आकार जवळपास तोच. आईचे फळ गोड होते म्हणून बी गोड, हा हिशेब इथे चुकतो.

जर्मनीत हायडेनहाइम येथे ऑगस्ट २०१५ मध्ये घरच्या बागेतल्या झुकिनीची भाजी खाऊन ७९ वर्षांचे एक गृहस्थ दगावले. भाजी कडू लागत होती, तरी पानात टाकू नये म्हणून त्यांनी खाल्ली. पत्नीने थोडीच खाल्ली होती, त्या वाचल्या. शिजवल्याने हे विष जात नाही. तेल, मसाला, गूळ घालून चव झाकता येते, विष तसेच राहते.

आपल्याकडे हा धोका लाल भोपळ्यापेक्षा दुधीत जास्त. दुधी आणि कडू भोपळा एकाच जातीचे आहेत, त्यांचा संकर सहज होतो. आपल्या सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढा भागात तंबोऱ्या-सतारीसाठी मोठे भोपळे पिकवतात आणि ते मिरजेच्या कारागिरांकडे जातात, हे पुष्कळांना माहीत आहे. ते पीक आपल्या जागी फार मोलाचे आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण तशा मळ्याजवळ ज्यांचा दुधी आहे त्यांनी त्याचे बी मुळीच धरू नये, विकतचे आणावे. दिल्लीत २०१० साली कडू दुधीचा रस प्यायल्याने एकाचा मृत्यू झाला होता. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली, तिचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. कडू लागलेला रस पिऊ नये, दुसऱ्या कशात मिसळूनही पिऊ नये, आणि या विषावर नेमका उतारा नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

आमचे माता-भगिनींना सांगणे आहे. घरच्या बियाचा दुधी, झुकिनी किंवा कुठलाही भोपळा चिरला की आधी कच्चा बारीक तुकडा जिभेच्या टोकाला लावून बघा आणि थुंकून टाका. कडू लागला तर सगळे फळ टाकून द्या, गुरांनाही घालू नका. तो वेलच उपटा, त्याचे बी ठेवू नका. "एवढा मोठा निघाला, टाकवत नाही" ही आपली सवय इथे महागात पडेल. खाल्ल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळा, चक्कर असे काही झाले तर घरगुती उपाय करत न बसता सरळ दवाखान्यात न्यावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे.

हौशी माणूस मनावर घेतो तेव्हा काय करू शकतो याचेही एक उदाहरण देतो, नाहीतर हा लेख नुसता भीतीचा होईल. कॅनडात नोव्हा स्कोशिया प्रांतात हॉवर्ड डिल नावाचे शेतकरी होते. त्यांनी मॅक्झिमा जातीतून मोठ्या फळांचे वेल निवडत, ठरवून पराग देत अटलांटिक जायंट हा वाण तयार केला. १९८१ साली त्यांचा ४९३.५ पौंडांचा, म्हणजे सुमारे २२४ किलोंचा भोपळा तेव्हाचा जागतिक विक्रम होता. २०२३ साली कॅलिफोर्नियातल्या स्पर्धेत याच रक्ताचा भोपळा १२४७ किलो भरला. बेचाळीस वर्षांत साडेपाच पट! हे बहुतेक सगळे काम परसातल्या हौशी लोकांनी केले आहे. वजन हा गुण एका चिठ्ठीचा नाही, आपल्या उसाच्या टनेजसारखा अनेक जनुकांचा आणि शिवाय माती, पाणी, खत यांचा. अशा गुणाला ३:१ चा हिशेब लागत नाही. तिथे चालते ती निवड आणि वही. हे लोक प्रत्येक बियाला फळाचे वजन, पिकवणाऱ्याचे आडनाव आणि साल असे नाव देतात आणि त्याची आई कोण, बाप कोण हे लिहून ठेवतात. बैलाची वंशावळ सांगणारी माणसे आपल्यातही होती. बियाची सांगणारी व्हायला हरकत नाही.

तर बी शुद्ध ठेवायचे कसे? बियाणे प्रमाणीकरणाच्या नियमात भोपळ्याच्या पायाभूत बियाण्यासाठी १००० मीटर आणि प्रमाणित बियाण्यासाठी ५०० मीटर अंतर सांगितले आहे. आपल्या गावात एवढे अंतर वस्ती-वस्तीतही नाही. त्यामुळे मधमाशीचे काम आपण करायचे. संध्याकाळी वेल बघावा. उद्या उमलणाऱ्या कळीचे टोक पिवळसर झालेले असते. अशी एक मादी कळी आणि दोन-तीन नर कळ्या निवडून त्यांची टोके दोऱ्याने हलक्या हाताने बांधावीत. सकाळी लवकर, धारा काढून झाल्या की, नर फूल देठासकट तोडावे, पाकळ्या काढाव्यात, मादी फुलाचा दोरा सोडून आतल्या गाठीवर पराग चांगले घासावेत आणि मादी फूल पुन्हा लगेच बांधावे. एवढ्यात एक जरी माशी आत शिरली तर ते फूल सोडून द्यावे. देठाला रंगीत चिंधी बांधावी, म्हणजे घरातले कोणी भाजीला तोडणार नाही. हा धोका माशीपेक्षा मोठा आहे, असा आमचा अनुभव आहे.

त्याच वेलाचे पराग दिले तर गुण लवकर पक्के होतात. प्रत्येक पिढीला दुभंगलेल्या चिठ्ठ्यांचे प्रमाण निम्मे होत जाते. पाच पिढ्यांनी ते सुमारे ३ टक्क्यांवर येते. भोपळा अशा स्वपरागाने फारसा खचत नाही, तरी एकाच वेलावर सगळी भिस्त न ठेवता चांगल्या तीन-चार वेलांचे बी वेगवेगळे धरावे. बियाचे फळ वेलावरच पूर्ण पिकू द्यावे, देठ वाळला की काढावे आणि तीन-चार आठवडे माळ्यावर ठेवून मगच फोडावे, आतले बी तोवर भरते. फोडल्यावर गर चाखून बघावा; पांचट निघाला तर त्याचे बी कितीही टपोरे असले तरी ठेवू नये. बी धुऊन सावलीत खडखडीत वाळवावे, कोरड्या डब्यात ठेवावे.

डब्यावर किंवा पुडीवर चार गोष्टी लिहाव्यात: कोणत्या वेलाचे फळ, पराग कोणाचे दिले की माशीवर सोडले, साल कोणते, आणि फळ कसे निघाले. ज्यांना हे पहिल्यांदाच करायचे आहे त्यांनी फूल बांधायची रीत आपल्या गटातल्या शेतकी मदतनीसाकडून एकदा समक्ष बघून घ्यावी. आम्ही सर्व गट ऑफिसांत तशी सूचना दिली आहे.